वजाबाई आणि अडकलेला दट्ट्या

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंचं खरं नाव शाळेत कुणी घेत नसे. सगळे त्यांना वजाबाई म्हणत. रासायनिक क्रियेत वायू तयार होतो, फुगतो आणि बाहेरची हवा मागे रेटतो. ते त्याने केलेलं काम: बाहेरचा दाब गुणिले वाढलेलं आकारमान. त्यात वायूची स्वतःची ऊर्जा खर्ची पडते, म्हणून उत्तराआधी वजा. एवढंसं ते चिन्ह, पण पोरं हमखास विसरत आणि बाई घसा फोडून ओरडत, "वजा! अरे, वजा!" घरी नवरा म्हणे, "झोपेत तरी अधिक म्हणत जा." बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

इतकी वर्षं झाली तरी बाई हंगामीच होत्या. दरवर्षी नव्याने नेमणूक, दरवर्षी नव्याने हात जोडणं. जीव विटला होता अगदी. यंदा मात्र तपासनीस साहेब वर्गावर येणार होते. "त्यांनी चांगला शेरा दिला की तुम्ही कायम," मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. "प्रयोग तेवढा बिघडवू नका."

प्रयोग सोपा होता. चंबूत आम्ल, त्यात जस्ताचा तुकडा, वर घट्ट बूच आणि बुचात खोचलेली काचेची मोठी पिचकारी. आम्लातून निघालेला हायड्रोजन पिचकारीचा दट्ट्या ढकलणार. बाईंनी जस्त असं तोललं होतं की वायू बरोबर शंभर मिलिलिटर निघावा, म्हणजे हवेच्या दाबाविरुद्ध काम दहा ज्यूल.

साहेब मागच्या बाकावर बसले, मुख्याध्यापक त्यांच्याशेजारी. आम्ल फसफसलं, बुडबुडे उठले, आणि दट्ट्या जागचा हलेना. बाईंनी टिचक्या मारल्या, मनातल्या मनात शिव्या घातल्या. ढिम्म!

"काम किती झालं?" साहेबांनी वर्गाला विचारलं.

"वजा दहा ज्यूल!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

"शाब्बास! पुस्तकातही हेच आहे," म्हणत साहेबांनी खिशातून पेन काढलं.

बाईंना रडावं की हसावं कळेना. एवढी वर्षं कानीकपाळी ओरडले तेव्हा या कार्ट्यांना वजा आठवला नाही, आणि आज आठवला तर उत्तरच चुकीचं! गप्प बसायचा अवकाश, त्या कायम झाल्या असत्या. पण गप्प बसणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

"चूक," त्या म्हणाल्या. "दट्ट्या हलला का? आकारमान वाढलं का? मग काम शून्य."

"अहो, पण पुस्तकात..."

"पुस्तकातला दट्ट्या हलतो, साहेब!"

साहेबांचा चेहरा उतरला. "मग प्रयोग फसला असं लिहू?"

"लिहा. फसलाच आहे."

साहेबांनी लिहिलं आणि ते उठले. मुख्याध्यापक बाईंकडे न बघता त्यांच्या मागोमाग जिना उतरले.

बाईंनी रागारागाने बूच उपटलं. फुस्स करून वायू निघून गेला. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, आत्ता जो वायू सुटला, त्याने बाहेरची हवा ढकललीच ना? दट्ट्या नसला म्हणून काय झालं? म्हणजे आता उत्तर वजा दहाच!"

पोरीचं बरोबर होतं.

"अगं भवाने, हे दोन मिनिटं आधी सुचायला काय झालं होतं तुला?"

"दोन मिनिटं आधी बूच कुठे निघालं होतं, बाई?"

खाली साहेबांची गाडी सुरू झाली. बाईंनी हातातला खडू तिच्यापुढे धरला.