मधली जागा

लासुर्ण्याच्या आमच्या घरी स्पीकर बसवायला बारामतीहून एक माणूस आला होता. नाव मी विचारलंच नाही. तो प्रत्येक कोपऱ्यात जाऊन टाळी वाजवायचा आणि मान कलती करून ऐकायचा, जणू भिंत काही उत्तर देणार होती.

वायर हाताला गुंडाळत त्यानं मला विचारलं, "आजी, सगळ्या स्पीकरांचा आवाज एकाच जागी नीट जुळतो. तितं कोण बसणार?"

"मी," मुलगा म्हणाला. "आई सैपाकघराच्या दारात बसती."

"मी आजींना इचारलं."

तरुणपणी मी भलतीच शहाणी! सासऱ्यांसमोर बसायचं नाही म्हणून त्याच दाराआड उभं राहून टीव्ही नुसता ऐकायची, वर त्याला संस्कार म्हणायची. सासरे गेले, तरी माझी खुर्ची दारातच राहिली.

मी उठले आणि सोफ्याच्या मधोमध बसले. "हितं जुळवा."

तो हसला नाही. टेप काढून माझ्या कानापासून अंतर मोजू लागला. या घरात माझ्यापासून काही मोजायची ती पहिलीच वेळ.

मागचा एक स्पीकर दाराशेजारी लागला. संध्याकाळी तिथल्या खुर्चीवरून मुलगा कुरकुरला, "आई, हितं नुसता मागचाच आवाज येतोय."

"व्हय रं," मी म्हटलं, "मला माहीत हाय."