आदर्श उत्तर

पेपर तपासायला धुळ्याहून जळगावला जायचं म्हणजे मला एरवी जिवावर येतं. त्या वर्षी मात्र मी हौसेनं गेलो, कारण प्रथम वर्षाच्या मराठीच्या पुस्तकात माझा लेख लागला होता. शेजारच्या टेबलावरचे धरणगावचे प्राध्यापक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ, तुमनाच धडा शे ना हाऊ?" मी नको नको म्हणत सुखावलो. त्या धड्यावर दहा गुणांचा प्रश्न होता, 'आजीची असहायता स्पष्ट करा.' तपासणाऱ्यांसाठी त्याचं आदर्श उत्तरही माझ्याकडूनच लिहून घेतलं होतं.

धड्यातला प्रसंग त्याच्याही बारा वर्षं आधीचा. एका शिक्षकमित्राबरोबर मी शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा लोकांच्या एका पाड्यावर गेलो होतो. झोपडीमागे मका डोक्याइतका उंच वाढलेला, कणसं भरलेली. सहा-सात वर्षांच्या नातीनं एक कणीस तोडलं. आजीनं ते हिसकावलं आणि तिच्या पाठीत धपाटा घातला. बस्स, मला लेख मिळाला. घरचं कणीस घरच्या पोरीच्या तोंडी जात नाही, ते बाजारात जातं, भूक माणसाला निष्ठुर करते, वगैरे वगैरे. दिवाळी अंकात छापून आला, वाचकांची पत्रं आली. पाड्याचं नाव मी दिलं नव्हतं आणि त्या सभ्यपणाचा मला केवढा अभिमान!

दुपारच्या गठ्ठ्यात एक उत्तरपत्रिका निघाली. नाव-नंबर झाकलेलाच असतो. अक्षर गोल, सावकाश काढलेलं.

'आजी असहाय नव्हती. धड्यातल्या मुलीच्या गालावर भाजल्याचा डाग आहे असे लेखकाने लिहिले आहे. तो डाग माझ्या गालावर आहे. आमच्यात नवाई झाल्याशिवाय नवे कणीस खात नाहीत. आधी देवाला, मग आम्हाला. मी चोरून तोडले म्हणून आजीने मारले. चार दिवसांनी नवाई झाली तेव्हा मी पोट फुटेपर्यंत कणसे खाल्ली. त्या दिवशी आजीने लेखकाला भाकर आणि मिरचीची चटणी दिली होती. ते धड्यात नाही.'

भाकर मला चांगली आठवत होती. "खाई ले, भाऊ," म्हणत आजीनं दुसरीही वाढली होती. लिहिताना ती मी विसरलो नव्हतो, गाळली होती. भुकेल्या घरानं पाहुण्याला दोन भाकरी वाढल्या असं लिहिलं तर माझ्या लेखातली भूक पातळ झाली असती. आणि कणीस का हिसकावलं, हे विचारायला असा किती वेळ लागला असता? म्हातारी समोर बसली होती. मित्राला तिची बोली येत होती. पण कारण माझ्या मनात तयार होतं आणि ते मला फार आवडलं होतं.

उत्तराच्या शेवटी तिनं लिहिलं होतं, 'लेखकाने नवाईनंतर यावे. आजी अजून आहे. कणीस भाजून देईल.'

"काय झालं, भाऊ?" धरणगावकरांनी विचारलं.

"काही नाही. विषय सोडून लिहिलंय कुणीतरी."

पूर्ण गुण द्यायचे तर कारण सांगावं लागलं असतं. माझा धडा खोटा आहे, हे त्या सगळ्या टेबलांपुढे माझ्याच तोंडानं. मी आदर्श उत्तर पुढे ओढलं. त्यातला एकही मुद्दा तिच्या उत्तरात नव्हता. तिच्या आमंत्रणाखाली मी लाल पेनानं 'दोन' लिहिले, भोवती गोल केला, सही ठोकली आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.

मला स्वतःची लाज वाटते, आणि नुसती लाज वाटून घेण्याचीही आता लाज वाटते. धडा अजून पुस्तकात आहे. तो काढा म्हणून लिहिलेलं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

त्यानंतर दोनदा नवाई येऊन गेली. शिरपूरकडच्या बसेस धुळ्याच्या स्टँडवरून दिवसभर सुटतात. मी एकदाही चढलो नाही. म्हातारीनं खरंच कणीस भाजून पुढे केलं, तर ते घ्यायला हात कुठला पुढे करू? सही केली तोच ना?