भाजीविना भाद्रपद

मुळशी खोऱ्यातला तो पावसाळा मला आठवतो तो रिकाम्या मांडवांसह. मी त्या वर्षी लग्न होऊन पुण्याहून तिथे आले होते. माहेरी खिडकीशी बसून कविता पाठ करायची सवय. सासरी ती सवय मागच्या दारी येऊन उभी राहिली. पहाटे धुके घाटमाथ्यावरून उतरायचे, ओल्या लोकरीसारखे जड, आणि परसातल्या बांबूंच्या मांडवांना बिलगून बसायचे. मांडवांवर वेल नव्हते. पडवळ, दोडका, घोसाळे, कारले यांच्या जागी धुकेच लोंबत होते, आणि थेंब होऊन गळत होते. मला ते पाहत राहावेसे वाटे. सासूबाईंना पाहवत नसे. त्या मागचे दार ओढून घेत.

परस रिकामे होते त्याचे कारण साधे होते. खाली नदीवर धरणाचे काम चालले होते आणि आमच्या गावाला सांगण्यात आले होते की पावसाच्या आधी घरे सोडावी लागतील. म्हणून रोहिणी नक्षत्रात, जेव्हा दरवर्षी घरोघरच्या बायका राखेत ठेवलेले बी काढून आळी करतात, तेव्हा कोणी आळी केली नाहीत. पाण्याखाली जायच्या मातीत भोपळा कशाला लावायचा? मग कळले की हलायचे ते पावसानंतर. तोवर पाऊस सुरू झाला होता. भाताची रोपे लोकांनी घाईने टाकली, कारण भाताशिवाय चालत नाही. भाजीची आठवण कोणाला झाली नाही, आणि झाली तेव्हा लावण्याचे दिवस गेले होते. बुडण्याच्या भीतीने गाव पेरायचे थांबले आणि पाणी आले ते फक्त वरून.

आषाढात रानाने आम्हाला सांभाळले. टाकळ्याची कोवळी पाने, कुर्डू, भारंगीची फुले. श्रावण उतरता उतरता टाकळा जून झाला, पाने चामड्यासारखी झाली. मग पिठले, डाळ, वाळलेल्या वालांचे बिरडे, पुन्हा पिठले. जिभेला हिरव्या रंगाची इतकी ओढ लागते हे मला ठाऊक नव्हते. दुपारी डोळा लागला की मला कोवळ्या काकडीचा वास यायचा, तो इतका खरा की जागी झाल्यावर मी बोटे हुंगून पाही. एकदा स्वप्नात पडवळे माझ्या माहेरच्या छतातून उतरताना पाहिली; पांढुरकी, लांब, सावकाश, जणू कोणी पावसाला आकार देत होते.

सासूबाईंची तळमळ जिभेची नव्हती. त्या कितीतरी वर्षे ऋषिपंचमीचे व्रत करीत आल्या होत्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगर न लागलेल्या, हाताने खणलेल्या जमिनीतली भाजी आणि आपसूक उगवलेला देवभात, एवढेच. आमचे परस त्यासाठीच राखलेले होते. आमचा घरगडी तिथे कुदळ चालवी, बैलाची सावलीही पडू देत नसे. आता घर जाणार, परस जाणार, पुढे भुकूमकडे दोन खोल्यांत बिऱ्हाड करायचे ठरलेले. तिथे हातभर वाफाही मिळायचा नाही. म्हणून सासूबाईंनी ठरवले होते की यंदाच, या घरात, व्रताचे उद्यापन करून मोकळे व्हायचे. गावातल्या बायकांना ऋषीची भाजी वाढायची आणि निघायचे. अर्धवट व्रत पाठीवर घेऊन गाव सोडणे त्यांना मंजूर नव्हते. आणि गावात भाजीचे पान नव्हते.

सासरे म्हणाले, गुरुजींना विचारून भाजीऐवजी काही दान द्यावे. सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी पिठले वाढले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन पौडच्या आठवडे बाजाराला निघाल्या.

बाजार ओला होता. घोंगड्या, गूळ, सुकी मासळी, मातीची मडकी या साऱ्यांवर एक पातळ वाफ तरंगत होती. जिथे भाजीवाल्या बसत तिथे मोकळ्या पाट्याच अधिक होत्या. धरणाच्या कामावर माणसांची छावणीच्या छावणी उतरली होती, आणि त्यांचे मुकादम पहाटेच येऊन मिळेल त्या भावाने पाट्याच्या पाट्या उचलून नेत. उरले त्याचा भाव ऐकून मला वाटले, आपण चुकून सोनारापुढे बसलो आहोत. पूर्वी जेवढ्यात पाटी भरे तेवढ्यात आता मेथीची जुडी येत नव्हती, आणि जुडी तरी कसली, ओल्या केसांच्या गुंत्यासारखी. एका म्हातारीपुढे मात्र चार-पाच दोडके होते. सासूबाई खाली बसल्या, दोडक्याच्या शिरेवरून बोट फिरवले आणि विचारले, की हे नांगराच्या रानातले आहेत का हाताने खणलेल्या.

म्हातारीने त्यांच्याकडे नीट पाहून घेतले. "बैल न्हाई तर काय मालकाला जुपला आसंल मी? जसं म्हना तसं सांगते. पर भाव त्योच."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सासूबाई दोडका जागच्या जागी ठेवून उठल्या. मी त्या हिरव्या शिरांचा खडबडीतपणा माझ्याच बोटांवर उमटल्यासारखी घरापर्यंत चालत आले.

पंचमी तोंडावर आली तेव्हा माथ्यावरची धनगरीण लोणी घेऊन आली. ती दर पंधरवड्याला यायची. अंगावर घोंगडीची खोळ, डोक्यावर रानकेळीच्या पानांत बांधलेला गोळा, आणि पाठोपाठ शेळ्यांचा, धुराचा, ओल्या गवताचा एक उबदार वास. ती ओसरीच्या कडेला बसली. सासूबाईंनी लोणी तोलता तोलता सहज विचारावे तसे विचारले, वर काही भाजी आहे का.

"हाय की. भोपळं हायेत, माठ हाय, अळू तर लई माजलंय. पर त्ये समदं मुकादमाला बोललोय. त्यो वर मानूस धाडतोय."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी विचारले, जमीन नांगरता का.

"वर बैल चढतोय व्हय? कुदळीनं खनतो आमी." मग तिला काहीतरी उमगले, आणि तिच्या तोंडाभोवतीच्या सुरकुत्या एकदम हलल्या. "तुमच्या पंचमीला पायजे म्हना की. वैनी, तुमी खालची लोकं वर्सातनं येक दिस बैलाचं खात न्हाई, तर केवढी पूजा. आमी तर बारा म्हयनं खात न्हाई. आमाला कुनी पुजायचं?"

घरात येऊन सासूबाईंना कोणी उलट बोललेले मी पाहिले नव्हते.

"ये पंचमीला," सासूबाई म्हणाल्या, "तुझीही पूजा करते."

धनगरीण हसली आणि तिच्याबरोबर सासूबाईही हसल्या. त्या घरात मी ऐकलेले त्यांचे ते पहिले हसणे. मग धनगरणीने आपले म्हणणे सांगितले. मुकादमाचा माणूस उद्या दिवस कलताना येणार होता. त्याच्या आधी वर या, तुमच्या हाताने खणाल आणि खुडाल तेवढे तुमचे. माझ्या हाताला वेळ नाही. तिने पैसे मागितले नाहीत, थोडे मीठ तेवढे मागितले. पावसात माथ्यावर मीठ राहत नाही, पाणी होऊन जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चढायला लागलो. सासऱ्यांनी गडी बरोबर नेण्यास सांगितले होते. सासूबाई म्हणाल्या, तिने माझ्याच हाताने खणायला सांगितले आहे. वाट ओढ्याच्या अंगाने जात होती. दोन्ही बाजूंना तेरड्याचा गुलाबी रंग इतका दाट होता की धुक्यालाही त्याची झाक आली होती. खडकांवर शेवाळ, शेवाळावर इवलीशी पांढरी फुले, फुलांवर पाण्याचे मणी; मी थांबे, सासूबाई थांबत नसत. नऊवारीचा काचा घट्ट मारून त्या एका लयीत चढत होत्या आणि त्यांच्या पाटल्यांचा आवाज मला धुक्यात वाट दाखवीत होता.

माथ्यावर पोचलो आणि ढग पायांखाली गेले. वर ऊन होते, पिकलेल्या लिंबाच्या सालीसारखे. सोनकीची पिवळी पठारे वाऱ्याबरोबर हलत होती. खाली आमचे खोरे नव्हतेच. डोंगरापासून डोंगरापर्यंत पांढरे, सपाट, निश्चल धुके भरले होते. घर, देऊळ, खाचरे, सगळे त्याच्या तळाशी कुठेतरी असणार. मला ते सुंदर वाटले, आणि सुंदर वाटल्याची लाज वाटली. सासूबाईंनीही पाहिले. मग त्यांनी पाठ फिरवली आणि कुदळ कुठे आहे ते विचारले.

उतारावर, शेळ्या शिरू नयेत म्हणून काटे लावून राखलेला तो तुकडा होता. भोपळ्याचे वेल दगडांवर पसरलेले, माठाचे तांबडे देठ, मक्याची कणसे, आणि अळूची पाने एवढी मोठी की त्यांत साचलेल्या पाण्यात आभाळ मावत होते. महिन्याच्या भुकेनंतर तो हिरवा रंग मला डोळ्यांनी पिता येत होता. मी माठ खुडायला बसले. सासूबाईंनी अळूचे कंद, अळकुड्या, काढायला वाफ्यात कुदळ घातली. कुदळ मातीवर घसरली. त्यांनी पुन्हा घातली, पुन्हा घसरली.

"अवं वैनी," धनगरीण शेळीची धार काढता काढता म्हणाली, "पापड लाटताय का भुईवर?"

सासूबाई थांबल्या. कपाळावरचा घाम त्यांनी मनगटाने पुसला. "लाटणंच धरलंय आजवर," त्या म्हणाल्या. "कसं धरायचं ते दाखव."

धनगरणीने उठून त्यांचे दोन्ही हात दांड्यावर नीट बसवले, एक पुढे, एक मागे, आणि पाठीवर थाप मारून वाकवले. तिसऱ्या घावाला माती उघडली. काय तो वास होता. ओल्या तपकिरी अंधाराचा, मुळांचा, थोडासा लोखंडाचा. सासूबाई गुडघ्यांवर बसून मातीत हात खुपसू लागल्या, अळकुड्या चाचपून काढू लागल्या, जसे कोणी झोपलेल्या मुलाच्या मुठीतून खेळणे सोडवावे. त्यांच्या पाटल्यांत माती गेली. ऊन फिरले तरी त्यांना कळले नाही. इतकी वर्षे त्यांनी हाताने खणलेली भाजी खाल्ली होती. हात दर वेळी गड्याचा होता.

पाटी शिगोशीग भरली तेव्हा मुकादमाचा माणूस ठरल्याआधीच येऊन ठेपला. त्याने वेलांवर नजर फिरवली, मग आमच्या पाटीवर. ती पाटीही हवी म्हणाला, आणि सांगितला तो भाव ऐकून मी धनगरणीकडे पाहिले. त्या पैशात तिचे दिवाळीपर्यंतचे मीठ, तेल, धान्य आले असते. सासूबाईंनी पाटीवर पदर ओढला आणि त्याही तिच्याकडेच पाहू लागल्या. जमीन धनगरणीची होती, शेवटचा शब्द तिचा, हे त्यांना कळत होते.

"त्ये तिचं हाय," धनगरीण त्याला म्हणाली. "तिनं खनलंय."

त्याने मग सासूबाईंनाच भाव विचारला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, तेव्हा तो हसत भोपळ्यांकडे वळला.

निघताना सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या की पुढल्या वर्षी आम्ही खोऱ्यात नसू. धनगरणीने पुरचुंडी कानाशी हलवून पाहिली.

"मग वरच या की. पानी हितवर चढलं म्हंजी तुमचा चढ तेवढा कमी."

ती थट्टा होती की दिलासा, मला अजून ठरवता आलेले नाही. उतरताना सासूबाईंच्या डोक्यावरच्या पाटीतले अळूचे पान वाऱ्याने हलत होते आणि अधूनमधून त्यातले पाणी त्यांच्या खांद्यावर सांडत होते.

पंचमीच्या सकाळी स्वयंपाकघर त्या वासाने भरले. अळू, माठ, भोपळा, अळकुड्या, मक्याच्या कणसाचे तुकडे, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, मीठ. फोडणी नाही, तेल नाही. सगळे आपापल्या पाण्यात शिजत होते आणि झाकण उघडले की वाफेतून प्रथम माती येई, मग पाऊस, मग गोडवा. गावातल्या बायका ओसरीवर जमल्या होत्या आणि वासानेच त्यांची बोलणी मंदावली होती. भाजी सर्वांना पुरणार होती. उद्यापनाला काही कमी नव्हते.

गुरुजींनी सप्तर्षींच्या सात सुपाऱ्या मांडल्या, शेजारी अरुंधती मांडली, आणि सासूबाईंना उद्यापनाच्या संकल्पासाठी हात पुढे करायला सांगितले.

"आज नुसती पूजा सांगा," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापन नको."

सासरे दारातून पुढे आले. त्यांनी हलक्या आवाजात आठवण करून दिली की पुढच्या भाद्रपदात हे घर नसेल, परस नसेल, भुकूमला हाताने खणलेली भाजी कुठून आणणार.

"माथा राहणार आहे," त्या म्हणाल्या. "मी चढेन."

गुरुजींनी संकल्पाचे शब्द बदलून घेतले. सासूबाईंनी उजवा तळवा पुढे केला. बोटांच्या पेरांत अजून तपकिरी रेघा होत्या आणि तळव्याच्या मध्यावर कुदळीने उठवलेला फोड फुटलेला होता. पळीतले पाणी त्यावर पडले, तशा त्यांच्या पापण्या किंचित मिटल्या. हात त्यांनी मागे घेतला नाही.