टपलीची परतफेड

सूडाचे किस्से शोधायला जावं लागत नाही. इंग्रजीची मास्तरीण आणि तीन वर्षांच्या मुलाची आई असलं, की ते आपसूक साठत जातात.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी विश्रामबागच्या एका शाळेत लागले. माझ्या बंड्याला शेजारच्या आक्का सांभाळायच्या. त्याला दुसऱ्या पोरांना मारायची खोड. आक्कांनी बजावलं, "बाई, आता कुणाला मारलं तर ह्याला आणू नगा." तसं झालं, की माझी नोकरी संपली.

*

नेमका तेव्हाच नववीला 'टिट फॉर टॅट', म्हणजे जशास तसे, हा वाक्प्रचार आला. लायब्ररीतला जाडा कोश काढला. मूळ म्हणे 'टिप फॉर टॅप'. हलक्या टपलीला हलकी टपली, एवढंच! मला फार धीर आला. वर्गात तेच सांगितलं.

मागच्या बाकावरची सुमन उठली. "बाई, मग हलक्याचं जड कवा झालं?"

कोशात ते नव्हतं.

*

स्टाफरूममध्ये हे सांगितलं, तर पीटीच्या सरांनी आपला किस्सा काढला. मिलिटरीतून रिटायर झालेले, मेढ्याकडचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पाठवलेला टॉवेल-टोपीचा आहेर त्यांच्या भावानं परत केला होता. का, तर द्यायला सर स्वतः गेले नाहीत. पुढं भावाच्या घरी लग्न निघालं, तेव्हा सरांनी त्याचा आहेर परत केला. नऊ वर्षं बोलणं बंद.

"माझा टॉवेल अजून ट्रंकेत हाय मॅडम," सर म्हणाले. "घडी मोडली न्हाई."

*

सासूबाई कराडहून आल्या. बंड्या उंबऱ्याला अडखळून पडला, की त्या उंबऱ्यालाच चापट्या मारायच्या. "हात मेल्या, माझ्या राजाला पाडतोस व्हय?" मी त्यांना कोशातलं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, रडायचा थांबला न्हवं?"

त्या परत गेल्या तोवर बंड्या पडायच्या आधीच उंबऱ्याला लाथ घालायला शिकला होता.

*

शेवटी मीच मनावर घेतलं. एका सकाळी त्यानं मला चिमटा काढला, मी त्याला धपाटा घातला. मारायचं नाही म्हणून बजावलं आणि आक्कांकडे सोडून शाळेत गेले. बी.एड.ला हा धडा नव्हता.

संध्याकाळी आक्का दारातच उभ्या. बंड्याची पिशवी भरून तयार. त्यानं त्यांच्या तान्ह्या नातीला, झोपलेलीला, धपाटा घातला होता. उद्यापासून आणू नका, एवढंच म्हणाल्या.

वाटेत मी विचारलं, "तिनं तुला मारलं होतं?"

"न्हाई. तू मारलंस."

"मग तिला का मारलंस?"

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तू मोठी हायस."