गोजरबाईच्या हाताचं कुंकू

रखमाजी मिस्तरी शिलाईमशीन खोलायच्या आधी तिचं ऐकून घ्यायचा. एक्क्याऐंशी साली भोकरदनच्या स्टँडमागं त्यानं पेटी मांडली. पायमशीन चार टाके चालली की हा बसल्या जागेवरून सांगायचा, पट्टा सैल झालाय की शटल झिजलंय. दुरुस्ती झाली की काढलेला बिघाड गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. तुटकी सुई असो की दोऱ्याचा गुंता. "बघून घ्या. मागून बोलायचं न्हाई." असा खमक्या माणूस.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर टेंभुर्णीहून गोजरबाईचा निरोप आला, तेव्हा मात्र त्याचा पाय निघेना. कॉम्प्युटरची मशीन होती ती, पडद्यावर बोट दाबलं की आपोआप नक्षी भरणारी. अशा त्यानं जेमतेम दोन पाहिलेल्या. पण खरं कारण निराळंच होतं.

मशीन गोजरबाईच्या सुनेची, बेबीनंदाची. खंडेनवमीला बेबीनंदा तापानं फणफणलेली, म्हणून मशीनची पूजा सासूनं केली. आणि गोजरबाई विधवा! दसरा झाला, बेबीनंदा कशीबशी मशीनवर बसली आणि मशीन बंद पडली. पंधरवड्यात बेबीनंदाही गेली. मग काय विचारता, लोकांच्या जिभेला हाड असतं का? पांढऱ्या कपाळाच्या बाईचं कुंकू भोवलं म्हणे. टपरीवर हे ऐकून रखमाजीनंही मान डोलावली होती. चांगली दोनदा.

तरी तो गेला. गोजरबाई उंबऱ्याशी बसलेली, मशीनपासून लांब.

"मी हात लावत न्हाई तिला, मिस्तरी. औरंगाबादचा कंपनीवाला फोनवर म्हणला, आतला बोर्ड गेला. चालू न्हाई झाली तरी चालंल. पन कशानं बंद पडली तेवढं खरं सांगा. मला झोप न्हाई."

मशीन दोन टाके घालायची, पिर्र वाजायची आणि थांबायची. पडद्यावर तुटलेल्या दोऱ्याचं चित्र. दोरा तर अख्खा! रखमाजीनं सुई बदलली, दोरा नव्यानं ओवला, बॉबिनची जागा झाडली. पुन्हा पिर्र. ऐकून काही कळेना, तेव्हा त्यानं विचार केला, दोरा तुटल्याचं हिला सांगतं कोण? दोऱ्याच्या वाटेवरचं झाकण त्यानं खोललं. आत डाळीएवढा काचेचा डोळा होता, समोरून दोरा पळतो का ते बघणारा. त्यावर लाल लेप बसलेला. पूजेआधी मशीनला तेल देतात, त्या तेलात पूजेचं कुंकू फटीतून उतरून कालवलं गेलं होतं.

त्यानं कापसानं तो डोळा पुसला. मशीन थांबल्या जागेवरून निघाली आणि बेबीनंदानं अर्धी सोडलेली कोयरी भरू लागली.

लाल कापूस रखमाजीच्या मुठीत होता. मळ होता म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं त्याच्या मनात आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पण गोजरबाईनं तळहात पुढं केला होता. त्याचा रिवाज तिला ठाऊक होता. त्यानं कापूस तिच्या हातावर ठेवला.

"म्हंजे माझ्याच हातानं," ती एवढंच म्हणाली.

"हातानं न्हाई, कुंकवानं. नव्या नवरीनं लावलं असतं तरी हेच झालं असतं. हिला पूड कळती, हात कळत न्हाई."

"आन् बेबी?"

"बेबी तापानं गेली, गोजरबाई. निव्वळ तापानं." रखमाजीला वर बघवेना. "लोक बोलत होते तेव्हा मी बी मान डोलावली. शरम वाटून राह्यली मला."

गोजरबाई रडली. त्यानं रडू दिलं. तोवर कोयरी पुरी झाली आणि मशीन गप झाली.

"मंग पुढच्या खंडेनवमीला?" पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं.

रखमाजीनं झाकण बसवलं आणि मशीनची मागची बाजू फडक्यानं पुसली. "कुंकू इथं लावायचं. जरासं. आन् तुमीच लावायचं."

गोजरबाई उठली, जवळ आली, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदाच तिनं मशीनवर हात ठेवला.