अक्का आणि तापलेलं चाक

अक्काइतकं घाबरट माणूस मी पाहिलेलं नाही, आणि ही गोष्ट तिनं कधी लपवलीही नाही. कोल्हापूरच्या विमानतळावर मी प्रवाशांच्या कामाला नवीनच लागले, तेव्हा ती विमानांच्या देखभालीवर होती. विमान उतरून जागेवर येऊ लागलं, की कानाला हेडफोन चढवता चढवता ती शेजारच्या माणसाला सांगायची, "मला भ्या वाटतंय बग." आवाज मात्र खणखणीत. मला वाटायचं, गंमत करते. मग एकदा गडबडीत तिचा हात माझ्या हातात आला. भर उन्हात तो गार पडला होता.

तिचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, सीमेला लागून. घरात कानडी, बाहेर मराठी. म्हणून सगळे तिला अक्का म्हणायचे, तिच्याहून वयानं मोठे असलेले, सामान चढवणारे लोडरसुद्धा. मंगळवार पेठेत आम्ही दोघींनी मिळून खोली घेतली होती. कुकर मी उघडायचा, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. शिट्ट्या होऊ लागल्या की ती बाहेर कठड्यापाशी जाऊन उभी राहायची. मी हसले तर म्हणायची, "हास की. पर वाफ गेल्याबिगार हात लावू नगंस."

एकदा भाकऱ्या थापताना तिनं आपणहून सांगितलं. आधीच्या नोकरीत, दुसऱ्या गावी, उतरलेल्या विमानाचा ब्रेक तापून चाक फुटताना तिनं पाहिलं होतं. जवळ कुणी नव्हतं. पण चाकाच्या कडेचा एक तुकडा आडवा सुटला आणि बाजूला उभ्या असलेल्या ट्रॉलीचा जाड पत्रा फाडून पलीकडे गेला. "मी थोड्या येळापूर्वी तिथंच उभा होतो," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी तीही स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलायची. "तवापासनं चाकाच्या बाजूला जात न्हाय. जायाचं तर म्होरनं, न्हायतर मागनं." तिनं तवा उतरवला आणि माझं ताट पुढं ओढलं.

पुढं उन्हाळ्यात ती दुपार आली. विमान वळून आमच्यासमोर थांबलं. प्रवाशांना घ्यायला मी कडेला उभी होते. जळक्या रबराचा वास आला, पण उन्हाळ्यात धावपट्टीवर असले वास येतातच. अक्का विमानाच्या नाकाशी उभी राहून वैमानिकाशी हेडफोनवर बोलत होती. बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. तिनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे धरले. कुणी जवळ येऊ नका. ब्रेक सुटलाच नव्हता, चाक घासत आलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

पण आमच्या लोडरांपैकी दत्तूदादा आधीच विमानाखाली गेला होता. चाकांना लावायचे लाकडी ठोकळे हातात घेऊन तो नेमका डाव्या चाकाच्या बाजूला उभा होता. तालमीतला माणूस, अंगानं दांडगा. चाकातून पांढरा धूर निघू लागला आणि दत्तूदादा जागच्या जागी थिजला. आम्ही हाका मारल्या, त्यानं मानसुद्धा वळवली नाही. विमानाच्या खिडकीला नाक लावून एक लहान पोर आम्हाला हात हलवून दाखवत होतं. मला त्याच्याकडे बघवेना, आणि नजरही काढता येईना.

अक्कानं हेडफोन काढला. विमानाच्या पोटाच्या कडेनं, नाकाकडून ती चाकाच्या दिशेनं चालत निघाली. चाकाच्या समोर, थोडं अंतर राखून ती थांबली.

"दत्तूदादा, माझ्याकडं बगा. चाकाकडं न्हाय, माझ्याकडं."

त्यानं पाहिलं.

"ठोकळं टाका खाली. आता माझ्या अंगाला या. मी इथंच हाय."

ठोकळे पडले. तो एक पाऊल आला, मग दुसरं. त्याचं मनगट हाताला लागताच अक्कानं ते पकडलं आणि त्याला ओढतच नाकाकडून बाहेर आणलं. तोवर अग्निशमनाची गाडी समोर लांब येऊन उभी राहिली होती. पाणी कुणी मारलं नाही. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर ते तडकायचं. जाळ नव्हता, म्हणून विमानाचं दार बंद ठेवून सगळे नुसते बघत राहिलो. मग फुस्स करून मोठा आवाज झाला आणि मी खालीच बसले. टायर फुटला नव्हता. उष्णतेनं चाकातली सुरक्षेची बुचं वितळून हवा निघून गेली होती. विमान एका अंगाला जरासं कललं.

चाक निवल्यावर प्रवाशांना उतरवलं. एक गृहस्थ उशिराबद्दल माझ्यावर तणतणत गेले. ते पोर आईच्या कडेवर झोपलं होतं. अक्का गाडीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसली होती. दत्तूदादानं पाण्याची बाटली पुढं केली, पण ती तिला धरता येईना. त्यानंच तिच्या तोंडाला लावली.

त्यानंतर दत्तूदादानं ते काम सोडलं. कसबा बावड्यात भावाबरोबर दुधाचा धंदा धरला. अक्का राहिली. पण झोपेत दचकायची, जेवण कमी झालं. काही महिन्यांनी दक्षिणेकडच्या एका मोठ्या विमानतळावर तिची बदली झाली. स्टँडवर मी तिला सोडायला गेले. ती गाडीत खिडकीशी बसली, तेव्हा मला राहवलं नाही.

"अक्का, तिथं तरी कार्यालयातलं काम मागून घे. किती दिवस असं घाबरत काढणार?"

तिनं पिशवी मांडीवर ओढली. "मागितलं असतं की. पर मग चाकापाशी कोण जाणार? ज्याला भ्याच वाटत न्हाय, त्याला धाडायचं व्हय?"

गाडी हलली. तिनं खिडकीतून माझा हात एकदा घट्ट दाबला आणि सोडून दिला.

आता ती फोन करते, पण तिकडच्या कामाचं फारसं सांगत नाही. मीही विचारत नाही. विमान येऊन थांबलं की माझ्या बरोबरच्या मुली दाराकडे बघतात. मी आधी चाकांकडे बघते, आणि प्रवासी चाकांपासून दूर निघून येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.