चांदी घरी ठेवून जा

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की ती घटना मला आजही लख्ख आठवते. खरं तर मी घाटावरचा, शाकाहारी घरातला. पण त्या वासाशी माझं एक नातं आहे आणि त्यात उपकाराचा भाग मोठा आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. माझी फौजदार म्हणून वसईला नुकतीच बदली झाली होती. निर्मळच्या रस्त्यावर एका बागायतदाराने आपल्या केळीच्या वाडीतल्या चार खोल्या मुंबईच्या पाहुण्यांसाठी काढून दिल्या होत्या. हिवाळ्यात लोक हवापालटाला येत. एक दिवस किल्ला, एक दिवस निर्मळचं तळं, एक दिवस होडीतून अर्नाळा आणि एक दिवस मोटारीने वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं, असा त्यांचा ठरलेला बेत असे. पाहुण्यांचं जेवणखाण आणि खोल्यांची झाडलोट एक मावशी पाही. ती नायगावकडची, खाडीकाठच्या शेतकरी घरातली विधवा होती.

एके सकाळी ते बागायतदार धापा टाकत ठाण्यात आले. पाहुण्या बाईंच्या सोन्याच्या पाटल्या चांदीच्या डबीत, डबी ट्रंकेत. डबी जागेवर होती, पाटल्या नव्हत्या. मी हवालदाराला घेऊन निघालो. बाई रडत होत्या, त्यांचे यजमान येरझाऱ्या घालत होते आणि सासूबाई कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या.

बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "परवा आम्ही कुंडावर निघालो, तेव्हा ही मावशी सारखी मागे लागली होती. चांदी घरी ठेवून जा, चांदी घरी ठेवून जा! तिला काय करायचंय हो आमच्या चांदीशी?"

त्यात माळ्याने भर घातली. मावशीला त्याने भल्या पहाटे रहाटामागे काहीतरी पुरचुंडी लपवताना पाहिलं होतं. झालं! माझ्या मनात गुन्हा तिथेच शाबीत झाला. नवी वर्दी अंगावर असली की माणसाला सगळं फार लवकर कळतं.

पंच बोलावले. रहाटामागच्या दगडाखालून केळीच्या सोपात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधलेली पुरचुंडी निघाली. मी ती पंचांसमोर मोठ्या रुबाबात सोडली. आत सुके बोंबील होते. बाईंना वास सोसत नाही म्हणून मावशी आपलं कालवण चोरून वाडीच्या टोकाला करत असे. हवालदार मिशीत हसला. मी मात्र हट्टाला पेटलो होतो. बोंबीलही पंचनाम्यात घेतले आणि मुद्देमाल म्हणून बांधायला लावले.

मग मावशीची जबानी सुरू केली. दटावून पाहिलं, गोडीने पाहिलं. ती एकच बोलत होती. "मी नाय घेतल्या, सायेब." शेवटी मी म्हणालो, "चल ठाण्यावर. तिथे आठवेल."

तेव्हा ती रडायला लागली. "सायेब, उद्या माझे पोरीला बघाला मानसा येतान. आयशीला पोलिसांनी नेली म्हंजे ते दाराशी तरी उभे ऱ्हातील काय? पोरीचा काय व्हईल?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज त्याची लाज वाटते. तिने घाबरून कबूल करावं म्हणून मी रुमालात बांधलेली डबी काढून तिच्यासमोर आपटली. ती रडायची थांबली. डबी हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली.

"सायेब, ही काली कशी परली?"

"जुनी आहे म्हणून."

"नाय. ते आले त्या दिशी बाईंनीच मना घासाला दिलेली. राखंनी घासली, आरशावानी केली. चार दिसात एवरी काली नाय व्हत. ही कुंडाचे पान्यात गेलेली हाय. म्हनून तं मी बोलत व्हते, चांदी घरी ठेवा. आमच्या बाया कुंडावर जाताना अंगावर चांदी ठेवीत नाय."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो इथलाच. त्याने डबीवर बोट फिरवलं आणि मान डोलावली. कुंडाच्या पाण्यात गंधक आहे, चांदी त्यात गेली की कोळसा होते, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक होतं. आम्ही सगळे पाटल्यांच्या मागे. डबीकडे कोणी धड पाहिलंच नव्हतं.

मी खोलीत जाऊन एवढंच विचारलं, "ही डबी कुंडावर कोण घेऊन गेलं होतं?"

जपमाळ थांबली. मी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि सासूबाईंना पाणी दिलं. त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. "ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, चांदी ठेवून जा. मला वाटलं, हिचा डोळा आहे. म्हणून डबी कमरेला बांधून नेली. पाण्यात भिजली, तेव्हा पाटल्या रुमालावर काढून पायरीवर वाळत ठेवल्या. तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला... घरी येऊन पाहते तर डबी रिकामी. तशीच गुपचूप ट्रंकेत ठेवली. सुनेला कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे मावशीने भल्यासाठी सांगितलेलं, तेच तिच्यावर उलटलं होतं.

दुपारच्या मोटारीने मी कुंडावर पोचलो. पायऱ्यांशी एक म्हातारी फुलं-नारळ विकत बसली होती. मी पाटल्यांचं नाव काढताच तिने नक्षी विचारली. मी सांगितलेली खूण पटल्यावर टोपलीच्या तळातून रुमाल काढून दिला. म्हणाली, "दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतेय बाबा. बरं झालं आलास. रात्री झोप नव्हती मला." मी तिला वाकून नमस्कार केला. वर्दीत असताना असा कुणाला केला नव्हता.

संध्याकाळी पाटल्या बाईंच्या हातात दिल्या. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन मावशीला म्हणालो, "माझं चुकलं." ती चुलीसमोरून उठलीही नाही. "माझे बोंबील कुठं हायेत?" एवढंच विचारलं.

मुद्देमाल सोडवायला रीतसर पावती लागते. ती मी स्वतः लिहिली, सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नायगावला तिच्या घरी बोंबील पोचते केले. दारात मुलीला बघायला आलेले पाहुणे बसले होते. फौजदाराला पाहून ते चपापले. मीच पुढे होऊन सांगितलं, "या मावशींनी काल एका अवघड तपासात पोलिसांना मदत केली. आभार मानायला आलोय."

मावशीने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मुलीला हाक मारली, "सायबांना पानी दे गो." पाहुण्यांनी सरकून मला चटईवर जागा दिली. लग्न जमलं. त्याची अक्षतही मला आली.

पुढे पुष्कळ वर्षं नोकरी केली, मोठे तपास केले. संशयिताला दटावण्याआधी त्याला वस्तू दाखवून "तुला यात काय दिसतं?" असं विचारायची सवय मात्र त्या दिवशी लागली. त्याने किती निरपराध माणसं वाचली असतील, देव जाणे. त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नाही की त्यांना वाचवणारी एक मावशी होती. मला ठाऊक आहे. त्या दिवशी ती नुसती रडत राहिली असती, तर मी तिला नेलंच असतं.